शनिवारी रात्री आलेलं नाव

(मावशी शाडूच्या गणपतीची ऑनलाइन कार्यशाळा घेते. भाची सई ईमेल मार्केटिंगमध्ये काम करते.)

मावशी: रविवारी संध्याकाळी सहाला कार्यशाळा, आणि शनिवारी रात्री अकराला एका बाईंनी पैसे भरले. मिनिटभरात त्यांच्याकडे चार मेल! ‘आठ दिवस आहेत, माती मागवून ठेवा’, ‘तीन दिवस राहिले’, ‘उद्या भेटू’, आणि सगळ्यात शेवटी ‘स्वागत आहे’.

सई: यंत्राने सांगितलं तेवढं चोख केलं. तू कार्यक्रमाच्या तारखेवरून मागे मोजत मेल लावलेस ना? ती वेळ आधीच टळली असेल तर काही साधनं ‘आता थांबायचं कशाला’ म्हणून मेल लगेच सोडतात. काही तो गाळतात. काहींत काय करायचं ते आपल्याला ठरवता येतं, पण ते सेटिंग उघडून बघतो कोण?

मावशी: मग नोंदणीच्या दिवसापासून पुढे मोजू?

सई: ते आणखी वाईट. ‘नोंदणीनंतर तिसऱ्या दिवशी तयारीचा मेल’ असं लावलंस, तर या बाईंना तो मंगळवारी रात्री मिळेल. स्वागताचा मेल तेवढा नोंदणीपासून मोजायचा, बाकीचे कार्यक्रमापासून मागे.

मावशी: म्हणजे माझं बरोबरच होतं की.

सई: अर्धं. मेल कधी पाठवायचा ते सांगितलंस, कधीनंतर पाठवायचा नाही ते राहिलं. प्रत्येक मेलला मुदत हवी. मातीचा मेल कधीपर्यंत उपयोगाचा?

मावशी: कुरिअरला चार दिवस धर. बुधवारपर्यंत. त्यानंतर मागवलेली माती सोमवारी दारात येऊन काय कामाची?

सई: आणि बुधवारनंतर नाव घालणाऱ्याला तू फोनवर काय सांगतेस?

मावशी: जवळपास मूर्तीचा कारखाना असेल तर तिथे शाडू विचारा. नाहीच मिळाली तर कणकेचा घट्ट गोळा घेऊन बसा. त्यावर सोंड वळवायला हात बसतो. मग माती आली की रेकॉर्डिंग बघून मूर्ती करा.

सई: हाच उशिरा येणाऱ्यांचा मेल! बहुतेक जण तेच जुने मेल घाईघाईने पाठवून मोकळे होतात. उशिरा आलेल्याला वेगळा मजकूर लागतो. म्हणून नाव आलं की पहिलं काम, कार्यक्रमाला किती वेळ उरलाय ते मोजणं. चार दिवसांहून जास्त असेल तर नेहमीची वाट. कमी असेल तर स्वागत, कणीक आणि लिंक असा एकच मेल, आणि नंतर फक्त त्या दिवशीची आठवण.

मावशी: चार मेल गेले म्हणून एवढं काय बिघडतं? न वाचता पुसतील.

सई: पुसले तर नशीब. वैतागून कोणी ‘स्पॅम’ दाबलं तर ते मोजलं जातं. जीमेलवर मेल पाठवणाऱ्यांनी अशा तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवायच्या, असा गूगलचा 2024 च्या फेब्रुवारीपासूनचा नियम आहे. तुझ्या दोनशे लोकांत एकाने बटण दाबलं की झाला अर्धा टक्का.

मावशी: अगं बाई! बरं, सहाला पाच कमी असताना येणारे?

सई: त्यांच्यासाठी मेलवर विसंबूच नकोस. मेल अमुक मिनिटांत पोचेल अशी हमी कुणीच देत नाही. अनोळखी पाठवणारा दिसला की काही सर्व्हर मुद्दाम ‘नंतर या’ म्हणतात. पाठवणाऱ्या सर्व्हरने पुन्हा प्रयत्न करायला साधारण निदान 30 मिनिटं थांबावं, असं 2008 च्या आरएफसी 5321 या ईमेलच्या मानकातच लिहिलंय. तोवर तुझ्या गणपतीचं पोट तयार झालेलं असेल. पैसे भरल्यावर जे पान दिसतं त्यावरच लिंक दे. कॅलेंडरचं बटणही ठेव, म्हणजे आठवण त्यांचा फोन करून देईल, तीही त्यांच्या घड्याळाने.

मावशी: न्यू जर्सीहून दोघी असतात.

सई: आपले संध्याकाळचे सहा म्हणजे गणपतीच्या दिवसांत त्यांचे सकाळचे साडेआठ. पण तू रविवारी सकाळी नऊला ‘आज भेटू’ पाठवतेस तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असते, साडेअकरा. त्यांचं ‘आज’ संपायला अर्धा तास! आज-उद्या लिहूच नकोस. वार, तारीख आणि दोन्हीकडची वेळ लिही. आणि मेलच्या साधनात खात्याचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर नाही ना, तेही बघ. असलं तर तुझा नऊचा मेल इथे अडीचला जाईल.

मावशी: शेवटची आठवण मी हाताने पाठवते, शनिवारी दुपारी यादी काढून.

सई: म्हणजे रात्री अकराच्या बाई त्या यादीत नाहीतच. पाठवायच्या क्षणी यादी नव्याने बनली पाहिजे. नाव रद्द केलेलेही मग आपोआप गळतात.

मावशी: फॉर्म बंद करायचा राहिला आणि सोमवारी कोणी पैसे भरले तर?

सई: त्यासाठी तिसरी वाट, कार्यक्रम झाल्यानंतरची. त्यात फक्त रेकॉर्डिंग, आणि ते नको असेल तर पैसे परत. सगळं लावून झालं की खोट्या तारखा घालून स्वतःच नाव नोंदव. एकदा कार्यक्रम दहा दिवसांवर, एकदा उद्यावर, एकदा दहा मिनिटांवर, एकदा कालचा.

मावशी: मग उद्याची तारीख टाक आत्ताच. काकांच्या मेलवरून मी नाव घालते, बघू किती येतात ते.