एक शय्या, दोन खिडक्या : डेटाबेसमधील व्यवहार आणि कुलूप



नाशिकरोड स्थानकावर पूर्वी आरक्षणाच्या वह्या असत. ज्या खिडकीत त्या गाडीची वही, तिथेच रांग. वही एका कारकुनाच्या हाती असल्यामुळे एकच शय्या दोघांना जाण्याची भीती कमी. पण बाकीचे खोळंबत. १९८५ मध्ये नवी दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले, १९९९ पर्यंत देशातील केंद्रे जोडली गेली आणि २००२ पासून घरबसल्या तिकीट मिळू लागले. एकच यादी आता हजारो हात एकाच वेळी उघडतात. मग गोंधळ कसा टळतो?

समजा, ही यादी रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे ओळी व स्तंभांच्या तक्त्यांत ठेवली आहे. नागपूरला जाणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसमध्ये एकच शय्या उरली आहे. एका खिडकीवर मुलाखतीला निघालेला विद्यार्थी, शेजारच्या खिडकीवर आजारी आईला भेटायला निघालेली मुलगी. दोन्ही पडद्यांवर 'शिल्लक १' दिसते. दोघांनी एकदम 'शिल्लक ०' लिहिले, तर एका शय्येची दोन तिकिटे निघतील आणि रात्री गाडीत एकाला उभे राहावे लागेल.

यावर पहिला उपाय ट्रॅन्झॅक्शन, म्हणजे व्यवहार. शय्या देणे, नाव लिहिणे, पैसे जमा करणे ही कामे मिळून एकच व्यवहार. सर्व पार पडली तर 'कमिट'; मध्येच वीज गेली तर 'रोलबॅक', म्हणजे सारे पूर्ववत. पैसे गेले पण शय्या नाही, असे अर्धवट काही उरत नाही.

दुसरा उपाय लॉक, म्हणजे कुलूप. शिल्लक वाचतानाच कुलूप लावावे. दुसऱ्याने थांबावे आणि मग खरा आकडा वाचावा. संपूर्ण तक्त्याला कुलूप लावले तर जुन्या वहीसारखेच सर्व खोळंबतात. केवळ त्या ओळीला लावले तर सेवाग्राम एक्सप्रेसचे काम चालूच राहते. मायएसक्यूएलमधील जुनी मायआयसॅम पद्धत पूर्ण तक्ता अडवीत असे. ओळीपुरते कुलूप लावणारी इनोडीबी २०१० च्या ५.५ आवृत्तीपासून तिथली मूळ पद्धत झाली.

मात्र एक धोका आहे. एकाने विदर्भची ओळ धरली आणि त्याला सेवाग्रामची हवी. दुसऱ्याचे नेमके उलट. दोघेही कायमचे अडकतात. हाच डेडलॉक. तेव्हा डेटाबेस एकाचा व्यवहार रद्द करतो आणि त्याला तो पुन्हा करावा लागतो. सर्वांनी ओळी ठरावीक क्रमानेच धरल्या, तर ही वेळ सहसा येत नाही.

तात्पर्य, नाव-वय विचारणे आधी उरकावे, कुलूप नंतर लावावे. ते लहान असावे, थोडा वेळ असावे आणि काम होताच सोडावे. कुणाचा हक्क डावलला जाऊ नये आणि कुणी विनाकारण थांबू नये, या दोन्ही गोष्टी सांभाळतो तोच चांगला प्रोग्रॅमर.