सेंटच्या बाटलीत सेंट किती?

डिओचा फवारा मारून लेक्चरला पळणाऱ्या मित्रांनो, त्या बाटलीत सुगंधी तेल थोडंसंच असतं, बाकी बहुतेक अल्कोहोल! आपल्याच खालापूर तालुक्यात, वाशिवलीला, १९२२ साली सुरू झालेल्या एस. एच. केळकर कंपनीचा सुगंधी रसायनांचा कारखाना आहे. पण वास अंगापर्यंत पोचवणारा वाहक वेगळाच.

सगळ्यात जास्त चालतं ते इथेनॉल. ७८ अंशांना उकळतं, म्हणून अंगावरून पटकन उडतं आणि तेल मागे ठेवतं. महाराष्ट्रात ते उसाच्या मळीपासून काढतात. पेट्रोलियममधून मिळणाऱ्या इथिलीनवर पाण्याची क्रिया करूनही ते बनतं. रेणू अगदी तोच! फरक कार्बन-१४ चा, तो पेट्रोलियमवाल्यात जवळजवळ नसतो. कोणी पिऊ नये म्हणून त्यात डायएथिल थॅलेटसारखं काहीतरी मिसळतात. अत्तराला पूर्वी चंदनाच्या तेलाचा आधार असे. आता स्वस्त अत्तरात डायप्रोपिलीन ग्लायकॉल घालतात. तेही अल्कोहोलच, पण २३० अंशांच्या आसपास उकळणारं, त्यामुळे वास सावकाश सुटतो. स्प्रेला मात्र ते जाड पडतं.

खरी भीती मिथेनॉलची. दिसायला इथेनॉलसारखंच. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती यामुळेच. ते कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात शिरतं आणि डोळ्यांच्या नसेवर घाव घालतं. तेव्हा स्टेशनबाहेरच्या बिनलेबलच्या सेंटच्या नादी लागू नका. बाटलीवर घटक आणि लायसन्स नंबर छापलाय का ते बघा. आणि रूममध्ये चोरून मॅगी शिजत असताना फवारा नकोच, शुद्ध इथेनॉलची वाफ १३-१४ अंशांनाही पेटू शकते.