टेम्स नदीवरील जीवरक्षक नौकाकेंद्र

लंडन शहर समुद्रकाठी वसलेले नाही. समुद्र मात्र दिवसातून दोनदा लंडनमध्ये येतो. भरतीचे पाणी टेम्स नदीच्या पात्रातून टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत चढते व ओहोटीबरोबर परत फिरते. उधाणाच्या दिवशी लंडन ब्रिजपाशी पाण्याची पातळी सुमारे ७ मीटर, म्हणजे दुमजली घराच्या उंचीइतकी, वरखाली होते. पूर्वी या नदीचे काठ उतरते व चिखलाचे होते. एकोणिसाव्या शतकात जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने तेथे दगडी तट बांधले. १८७० साली पुरा झालेला व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा त्यांपैकीच एक. शहराला प्रशस्त रस्ता मिळाला आणि सांडपाण्याची सोय झाली. परंतु पात्र अरुंद झाल्याने प्रवाहाला जोर आला, आणि पाण्यात पडलेल्या माणसाला वर चढावयास जागा उरली नाही.

अशा नदीवर खास जीवरक्षक नौका असाव्यात, हे पटण्यास मात्र एक भीषण अपघात घडावा लागला. २० ऑगस्ट १९८९ रोजी मध्यरात्रीनंतर ‘मार्चिओनेस’ या सहलीच्या नौकेस ‘बोबेल’ या वाळू उपसणाऱ्या जहाजाने मागून धडक दिली. नौका पाहता पाहता बुडाली व ५१ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे झालेल्या चौकशीनंतर जानेवारी २००२ मध्ये ग्रेव्हझेंड, टॉवर, चिझिक व टेडिंग्टन अशी चार केंद्रे सुरू झाली. ती चालविणारी संस्था १८२४ साली स्थापन झालेली असून मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते. तिचे कार्य तोपर्यंत प्रामुख्याने समुद्रकिनाऱ्यावरच होते.

टॉवर केंद्र २००६ साली वॉटर्लू पुलाजवळ हलविण्यात आले. नाव मात्र जुनेच राहिले. संस्थेच्या सर्व केंद्रांत हेच सर्वांत गजबजलेले होय. ते तरत्या धक्क्यावर असल्याने भरती-ओहोटीबरोबर स्वतःच वरखाली होते, आणि नौका सदैव पाण्यातच सज्ज असते. पगारी कर्मचारी येथे रात्रंदिवस पाळ्यांनी हजर असतात. सूचना मिळताच दीड मिनिटाच्या आत नौका सुटावी, असा दंडक आहे.

इतकी घाई कशासाठी? प्रवाहाचा वेग ४ नॉट धरला, तर माणूस दर सेकंदास सुमारे २ मीटर वाहत जातो. १० मिनिटांत तो सव्वा किलोमीटर दूर गेलेला असतो. म्हणून नौका तो पडला त्या जागी न जाता, पाणी त्याला कोठे नेईल याचा अंदाज बांधून निघते. त्यातून थंडीचा धोका निराळाच. गार पाण्यात पडताच माणूस एकदम धापा टाकू लागतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असले, तर पाणी फुप्फुसांत शिरते. चांगला पोहणाराही यातून सुटत नाही. हा पहिला झटका ओसरेपर्यंत हातपाय न झाडता पाठीवर तरंगत राहणे, हाच उपाय.

नौकेचा वेग सुमारे ४० नॉट, म्हणजे ताशी ७४ किलोमीटर. तिला बाहेर फिरणारा पंखा नसतो. यंत्र पाणी आत ओढून मागे जोराने फेकते व त्या प्रतिक्रियेने नौका पुढे जाते. त्यामुळे बुडणाऱ्याच्या अगदी जवळ जाता येते आणि उथळ पाण्यातही अडचण पडत नाही. झोताची दिशा वळविली की नौका वळते, निराळे सुकाणू लागत नाही. माणसाला वर घेतल्यावर नौकेतच प्राणवायू व प्रथमोपचार मिळतात; रुग्णवाहिका जवळच्या धक्क्यावर येऊन थांबते.