सुगीपूर्वीची तंगी आणि अकल्पित खर्च

नोकरदारास महिन्याची पहिली तारीख असते. शेतकऱ्याची पहिली तारीख म्हणजे सुगी. नोकरदाराच्या घरी महिनाअखेर ओढाताण झाली, तरी ती आठ-दहा दिवसांत संपते. जिराईत शेतकऱ्याची महिनाअखेर मात्र फाल्गुनात सुरू होते, ती भाद्रपदापर्यंत हटत नाही. सोयाबीनचे पैसे आश्विन-कार्तिकात हाती येतात, तुरीचे पौष-माघात. त्यांतून मागील देणे वारले, दिवाळी झाली, लेकीबाळींची बोळवण झाली, म्हणजे पुढे सहा-सात महिने घरात पैसा येण्याची वाट नाही. जाण्याच्या वाटा मात्र तितक्याच. नेमक्या याच काळात पंपाची मोटार जळते, गाय आजारी पडते, किंवा घरातले माणूस दवाखान्यात न्यावे लागते. अशा प्रसंगी काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे असा प्रसंग येण्यापूर्वी काय करून ठेवावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

हा विचार किती अगत्याचा आहे हे आपल्याच प्रांताच्या इतिहासावरून दिसते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले व सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, कर्जे मात्र राहिली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली व कर्जरोखे जाळले. हे दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला व रोख्यावरील आकडा तसाच न मानता मुळापासूनचा हिशेब तपासण्याची मुभा न्यायालयास मिळाली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरीही १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने करविलेल्या ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की, शेतकऱ्यांच्या कर्जापैकी शेकडा सुमारे ७० भाग सावकारांचा होता, आणि सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३ च्या आसपास होता. कायदे झाले, संस्था निघाल्या. परंतु अवेळी पैसा लागला म्हणजे शेतकऱ्याचे पाऊल ओळखीच्याच दाराकडे वळत राहिले. यातील बोध असा की, आधी तयारी केलेली नसेल तर स्वस्त कर्ज गावात असूनही उपयोगी पडत नाही.

अकल्पित कशास म्हणावे?

आपण ज्यास अकल्पित खर्च म्हणतो त्यांतील बहुतेकांची फक्त तारीख अकल्पित असते. खर्च अकल्पित नसतो. मोटार कोणत्या दिवशी जळेल हे सांगता येणार नाही, परंतु दोन-तीन वर्षांत एकदा ती जळणार हे प्रत्येक बागाइतदार जाणतो. जनावरांचे दुखणे, घरातील आजार, सोयऱ्याकडील कार्य, दुबार पेरणीचे बियाणे, या सर्वांचे असेच आहे.

म्हणून पहिले काम वहीचे. मागील तीन वर्षांत असे कोणते खर्च आले ते आठवून लिहावेत. हे काम एकट्या कारभाऱ्याने न करता घरातील बायकांस बरोबर घेऊन करावे. कारण दवाखाना, पाहुणा आणि शाळा यांचा खर्च त्यांच्या ध्यानात अधिक असतो. समजा, एका घरी पहिल्या वर्षी १४,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ३१,००० रुपये व तिसऱ्या वर्षी १८,००० रुपये असे खर्च आले. तीन वर्षांची बेरीज ६३,००० रुपये व सरासरी २१,००० रुपये झाली. याचा अर्थ असा की, या घरास दरवर्षी २१,००० रुपयांचा एक ठरलेला खर्च आहे. त्यास नाव मात्र नाही. बियाणे-खतास आपण जशी रक्कम बाजूस काढतो, तशीच यासही काढली पाहिजे.

राखीव रक्कम कोठे ठेवावी?

ही रक्कम सुगीचा पैसा हाती आल्याबरोबर, पहिल्या आठवड्यातच वेगळी करावी. “उरले तर ठेवू” असे म्हणणाऱ्याच्या घरी काहीच उरत नाही. एका वर्षी खर्च कमी झाला तर उरलेली रक्कम मोडू नये. वरच्या उदाहरणातील ३१,००० रुपयांसारखे वर्ष पुन्हा येणारच, तेव्हा ती शिल्लक कामी येते.

रक्कम घरात ठेवल्यास ती हातउसन्यात जाते. ती बँकेच्या वेगळ्या खात्यात किंवा अल्प मुदतीच्या ठेवीत असावी. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. बँकेतील ठेवीस, मग ती बँक सहकारी का असेना, २०२० सालापासून प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस हे संरक्षण नाही. एक-दोन टक्के जादा व्याजाच्या लोभाने अडीअडचणीची पुंजी धोक्यात घालणे शहाणपणाचे नव्हे.

शिवाय पैशाची वाट वर्षभरात विभागता आली तर पाहावी. जूनमध्ये पेरलेला मूग सुमारे ६५ ते ७० दिवसांत तयार होतो व सोयाबीनच्या आधी चार पैसे देतो. काढणीस पाऊस गाठतो हा त्यातील धोका, म्हणून थोड्याच क्षेत्रावर घ्यावा. दुधाचा हिशेब पुष्कळ संस्थांत दर दहा दिवसांनी होतो. एक-दोन दुभती जनावरे असलेल्या घरास सुगी वर्षातून छत्तीस वेळा येते, असे म्हटले तरी चालेल. म्हणूनच अडचणीत प्रथम दुभते जनावर विकणे हे मोठे नुकसानीचे होय. त्याने आजची गरज भागते व पुढची वाट बंद होते.

कर्ज काढणे भागच पडल्यास

राखीव रक्कम पुरली नाही तर कर्जाचा विचार करावा. मात्र त्याआधी खर्चच कमी होतो का हे पाहावे. दवाखान्याचा प्रसंग असेल, तर दागिना गहाण टाकण्यापूर्वी ते रुग्णालय महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत आहे काय व हा आजार तीत बसतो काय, ही चौकशी करावी. देणे हप्त्याने देता येईल काय, हेही विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

त्यानंतर किसान क्रेडिट कार्ड. ही योजना १९९८ साली निघाली व २०१२ साली सुधारली गेली. त्या सुधारणेतील एक तरतूद पुष्कळ खातेदारांस ठाऊकच नसते. पिकाच्या खर्चाकरिता जी मर्यादा ठरते, तिच्या शेकडा १० इतकी रक्कम घरखर्च व काढणीनंतरच्या गरजांकरिता, आणि शेकडा २० इतकी शेतीच्या साधनांच्या दुरुस्तीकरिता, अशी जादा धरलेली असते. पिकाची मर्यादा दीड लाख असेल तर १५,००० रुपये घरासाठी व ३०,००० रुपये दुरुस्तीसाठी धरता येतात. आपल्या खात्यावर हा भाग धरला आहे काय, हे मोटार जळाल्यावर नव्हे, तर चैत्रातच बँकेत जाऊन विचारावे. पीककर्जास व्याजाचा दर ७ टक्के व वेळेवर फेडणारास ३ टक्के सूट, अशी ३ लाख रुपयांपर्यंत सवलत आहे. ती या जादा भागास लागू होते की नाही हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

तिसरी जागा बचत गटाची. १९९२ साली नाबार्डने गट व बँका यांची सांगड घातल्यापासून गावोगावी महिलांचे गट उभे राहिले आहेत. त्यांचे व्याज बँकेहून अधिक असले तरी ते गटातच राहते व पैसा लवकर मिळतो. चौथी जागा बँकेतील सोनेतारणाची. सोने विकण्यापेक्षा तारण ठेवणे बरे. परंतु ते सोडविण्याचे पीक आधी ठरलेले असावे.

व्याज रोख्यात, तोटा काट्यावर

आता सावकाराच्या कर्जाचा हिशेब मांडू. समजा, एका शेतकऱ्यास श्रावणात मोटारीसाठी ८,००० रुपये व आजारासाठी १२,००० रुपये, मिळून २०,००० रुपये लागले. दरमहा शेकडा ३ रुपयांनी तीन महिन्यांचे व्याज १,८०० रुपये झाले. “अठराशेच ना!” असे मनास वाटते. परंतु धान्याचा व्यापारीच सावकार असेल, तर माल आमच्याच काट्यावर आणावा अशी तोंडी अट असते. २० क्विंटल सोयाबीन बाजाराहून क्विंटलमागे ३०० रुपये कमी भावाने गेले, तर ६,००० रुपये तेथे गेले. म्हणजे २०,००० रुपयांस तीन महिन्यांत ७,८०० रुपये पडले. शेकडा ३९ झाले. हेच पैसे बँकेकडून कोणतीही सवलत न मिळता वार्षिक १२ टक्क्यांनी घेतले, तरी तीन महिन्यांचे व्याज ६०० रुपयेच होते. आणि सावकाराचे कर्ज फिरले नाही, व्याज दरमहा मुद्दलात मिळत गेले, तर वर्षअखेरीस २०,००० रुपयांचे सुमारे २८,५०० रुपये होतात. जुन्या सवाई-दिढीच्या धान्यकर्जाची गत अशीच होती. पेरणीस पायली घेऊन चार महिन्यांनी सव्वा पायली देणे म्हणजे वर्षास शेकडा ७५ दराने व्याज देणेच होय.

माल विकावा की तारण ठेवावा?

सुगीच्या तोंडावरच खर्च उद्भवला, तर पडत्या भावात सर्व माल विकण्याची घाई होते. त्यास उपाय शेतमाल तारण कर्जाचा. राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत ही योजना चालविली आहे. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारख्या मालाच्या किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांकरिता ६ टक्के व्याजाने मिळते. २० क्विंटल सोयाबीन ४,५०० रुपये भावाने ९०,००० रुपयांचे झाले, तर ६७,५०० रुपये उचलता येतात. सहा महिन्यांचे व्याज २,०२५ रुपये, म्हणजे क्विंटलमागे सुमारे १०१ रुपये. सहा महिन्यांत भाव याहून अधिक वाढला तर नफा. न वाढला तर तोटा. भाव चढेलच असे कोणी सांगू नये व कोणी मानूही नये. म्हणून निम्मा माल विकून गरज भागवावी व निम्मा तारण ठेवावा, हा मध्यम मार्ग आम्हास बरा वाटतो. माल मात्र चांगला वाळलेला असावा.

दोन गोष्टी कदापि करू नयेत

पहिली गोष्ट, कर्जाच्या तारणापोटी जमिनीचे खरेदीखत करून देऊ नये. “पैसे फेडले की उलट करून देऊ” हा शब्द कागदावर नसतो, आणि कागद तर विक्रीचा असतो. वडिलार्जित जमीन वीस हजारांपायी अशाच रीतीने जाते. सावकारी करणारास परवाना लागतो व व्याजाचे दर शासन ठरविते, असा २०१४ चा कायदा आहे. अवैध सावकारीतून गेलेली जमीन परत देवविण्याचा अधिकारही त्या कायद्याने दिलेला आहे. अशा प्रसंगी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे मुदतीत अर्ज करावा. परंतु गेलेली जमीन परत मिळविण्यापेक्षा ती जाऊ न देणे शतपट सोपे आहे.

दुसरी गोष्ट, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नये, आणि दिलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती घेतल्यावाचून उठू नये. १८७५ साली जळाले ते असेच कागद होते, की ज्यांवर काय लिहिले आहे हे अंगठा उठविणारास ठाऊक नव्हते. आज आपण वाचू शकतो. मग न वाचता सही करण्यास सबब कोणती?

आमच्या वाचकांनी या महिन्यात तीन कामे करावीत. तीन वर्षांच्या अवचित खर्चांची यादी घालावी. बँकेत जाऊन आपल्या कार्डाची मर्यादा व तिचे भाग समजून घ्यावेत. आणि येत्या सुगीचा कोणता माल या राखीव खात्याचा, हे घरातील सर्वांसमक्ष आजच ठरवावे. ज्याच्या वहीत हे तीन आकडे आहेत, त्याच्या घरी संकट येणार नाही असे नाही. परंतु ते आले असता शेजारच्या ओट्यावर रात्री बसून राहण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.