संगणकावरील फुटबॉल आणि आकड्यांची पारख

'फुटबॉल मॅनेजर' या संगणकीय खेळात पायाला काहीच काम नसते. येथे आपण व्यवस्थापक. संघ निवडायचा, डावपेच ठरवायचे, खेळाडूंची खरेदी-विक्री करायची. सामना संगणक खेळतो. इंग्लंडमधील पॉल व ऑलिव्हर कॉलियर या बंधूंनी १९९२ साली काढलेल्या 'चॅम्पियनशिप मॅनेजर'चा हा वारस. २००४ पासून तो या नावाने येऊ लागला.

प्रत्येक खेळाडूच्या अंगचे वेग, पासिंग, नेमबाजी इत्यादी गुण १ ते २० या मापात नोंदलेले असतात. त्याखेरीज 'सध्याची क्षमता' व 'संभाव्य क्षमता' हे २०० पैकी दोन आकडे पडद्याआड असतात. 'जिनी स्काउट' ही बाहेरच्यांनी तयार केलेली आज्ञावली साठवलेला खेळ उघडून ते थेट दाखवते. मला हा प्रकार प्रश्नपत्रिका फुटल्यासारखा वाटतो! अभ्यासाचा मार्ग निराळा : हंगामाची आकडेवारी तक्त्यात उतरवून घ्यायची आणि खेळाडूची पारख आपण करायची.

समजा, एका आघाडीवीराने १३५० मिनिटांत १५ गोल केले, दुसऱ्याने ४०० मिनिटांत ६. दर ९० मिनिटांस पहिल्याचा १, दुसऱ्याचे १.३५. तक्ता दुसऱ्याला वर चढवतो. पण त्याच्या सहांपैकी ३ गोल पेनल्टीचे असतील तर? पेनल्टीवर चारांपैकी सुमारे तीन वेळा गोल होतोच. ते वगळले की उरतात ०.६८, आणि पहिल्याने एकही पेनल्टी घेतली नसेल, तर क्रम उलटला. शिवाय ४०० मिनिटे म्हणजे जेमतेम साडेचार सामने. तेथे एका गोलाने सरासरी ०.२३ ने हलते, १३५० मिनिटांत केवळ ०.०७ ने. नमुना लहान असला की नशीब मोठे दिसते, ते असे.

बचावपटूंची गोष्ट याहून फसवी. दुबळ्या संघाच्या बचावपटूचे टॅकल अधिक भरतात, कारण चेंडू सतत प्रतिस्पर्ध्याकडे असतो. म्हणून चेंडू आपल्याकडे किती वेळ होता, हा रकाना शेजारी हवाच.

अशी क्रमवारी कागदावर लिहून झाली, की मग जिनी उघडावी. आपली रीत कोठे चुकली ते ताडता येते. खऱ्या मैदानावर ही सोय नाही. तरीही २००८ साली एव्हर्टन या इंग्लिश क्लबने खेळाडूंच्या शोधासाठी याच खेळाची माहिती वापरण्याचा करार केला. खऱ्या खेळाडूंचे ते पडद्याआडचे आकडे तरी कोण ठरवतो? सामने पाहून अंदाज बांधणारी माणसेच.