काळे कोपरे आणि टॅन थीटा

गॅदरिंगचे ३६ फोटो मी वाया घालवले, म्हणून हा छोटासा धडा. काकांच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर २१ मिमीची चिमुकली लेन्स होती. तिच्यावर मी दोन फिल्टर आणि वर हूड चढवलं. रोल धुऊन आला तर प्रत्येक फोटोचे चारही कोपरे काळे!

कारण सोपं आहे. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही, वेगळ्या खिडकीतून बघतो. त्यामुळे हूड कोपरे कापतंय, हे कळतच नाही. आता गणित बघा. ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमचा अर्धा कर्ण २१.६ मिमी. त्याला २१ ने भागलं की टॅन थीटा जवळजवळ १, म्हणजे कोन ४५ अंशांच्या थोडा वर. थोडक्यात, फिल्टरची कड जितकी पुढे येते, साधारण तितकीच तिची त्रिज्या वाढायला हवी. ५० मिमी लेन्सला याच्या निम्म्याहून कमी पुरते.

उपाय? एकच पातळ फिल्टर आणि त्याच लेन्ससाठी बनवलेलं हूड. रोल भरण्याआधी मागचं झाकण उघडा, शटर ‘बी’वर दाबून धरा आणि फ्रेमच्या कोपऱ्यातून बघा. कड दिसली, तर फोटोतही येणारच. पाच मिनिटांचं काम आहे; गॅदरिंग मात्र पुन्हा होत नाही.