पॅसिफिकचे वारे आणि परंड्याची ज्वारी

परंडा तालुका अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतो. येथे जूनचा पाऊस पेरणीस लावतो, पण वर्ष तारतो तो सप्टेंबरचा. उत्तरा आणि हत्तीच्या पावसावरच रब्बी ज्वारी उभी राहते. म्हणून एप्रिलमध्ये हवामान खात्याच्या अंदाजात 'एल निनो' हा शब्द आला की शेतकऱ्यांच्या मनात धास्ती बसते. हा प्रकार काय आहे, ते समजून घ्यावे.

पॅसिफिक महासागरात विषुववृत्तालगतचे वारे एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि तापलेले पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. हे वारे मंदावले की उबदार पाणी पूर्वेकडे पसरते. ढग आणि वादळेही त्याच्यामागे सरकतात. पापुआ न्यू गिनीकडे कोरड पडते, तर महासागराच्या मधल्या बेटांवर पाऊस वाढतो. आपल्याकडे मोसमी पाऊस कमी होण्याचा संभव वाढतो. याच्या उलट स्थिती म्हणजे 'ला निना'.

संभव म्हणजे खात्री नव्हे. १९७२, १९८७, २००२, २००९ आणि २०१५ ही एल निनोची, तशीच अवर्षणाची वर्षे. २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. परंतु १९९७ साली एल निनो अत्यंत प्रबळ असूनही देशात सरासरीइतका पाऊस झाला. हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा अधिक तापलेला असेल तर थोडीफार भरपाई होते.

'सरासरीच्या इतके टक्के' हा आकडा साऱ्या देशाचा व चार महिन्यांचा असतो. त्यावरून आपल्या शिवारात पाऊस कोणत्या आठवड्यात पडेल, हे कळत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये काकीनाड्याजवळ किनारा ओलांडलेला कमी दाबाचा पट्टा तेलंगणामार्गे आपल्याकडे आला आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने परंडा तालुक्यात काय केले, ते वाचकांना सांगायला नको. असे पट्टे मात्र काही दिवस आधी दिसतात. त्यासाठी परभणीच्या कृषि विद्यापीठाचा मंगळवार व शुक्रवारचा हवामान सल्ला पाहावा आणि गंजी वेळीच उंचवट्यावर हलवून झाकावी.

एल निनोचा इशारा असल्यास सगळे रान सोयाबीनखाली घालू नये. काही क्षेत्रावर तुरीचे आंतरपीक घ्यावे. भारी जमिनीचा एखादा तुकडा उडीद घेऊन किंवा मोकळा ठेवून ज्वारीसाठी राखावा. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याखेरीज खरीप पेरणी करू नये. पहिल्या सरीवर घाई करून दुबार पेरणीचे बियाणे शोधत फिरणे आपल्या भागात नवीन नाही. पेरणी रुंद वरंबा सरीवर केल्यास खंड पडला तर ओल टिकते व अतिवृष्टीत जादा पाण्याचा निचरा होतो, म्हणून ती दोन्ही प्रकारच्या वर्षांत उपयोगी आहे.

कोरडवाहू ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात साधावी. भारी जमिनीत फुले वसुधा किंवा परभणी मोती, हलक्या जमिनीत फुले अनुराधा घ्यावी.